दुभाषी बाईची साक्ष

माझं नाव हेर्तीना. शपथ घेतली आहे मी.
त्या दिवशीही घेतली होती.

त्या दिवशी मी कोर्टात नव्हते.
स्प्रिंगडेलच्या कोंबड्यांच्या कारखान्यामागे
गाडीत बसले होते, काचा वर करून,
जेवणाच्या सुट्टीत.
हातमोजे समोर वाळत टाकलेले, बोटं अजून बधिर.
फोनमधून न्यायाधीश ओव्हरस्ट्रीट यांचा आवाज येत होता
टाकीत बोलावं तसा,
आणि मागे तार्क्वोनचा श्वास.

चुलतभावाचा ट्रक, ट्रकात तांब्याची तार,
तार कुणाची तरी, आणि चाकावर हा.
एक्केचाळीस दिवस आत काढलेले.
पहिल्या वकिलाने बाकावर, घड्याळ बघत सांगितलेलं:
हो म्हण, रात्री घरी जेवशील.

साहेबांनी विचारलं, तुम्ही दोषी आहात?
मला तेव्हा नेमका
चर्चमधला शब्द सापडला. जेरावीवी.
फोनवर, घाईत, तोच हाताशी आला.
मी विचारलं: तार्क्वोन, तू पापी आहेस का?

आता सांगा,
दर रविवारी पहिल्या रांगेत बसणारा माणूस,
विमानाचं भाडं जमेना म्हणून
आईच्या मातीला माजुरोला न पोचलेला,
तो काय सांगणार?

त्याने भुवया उचलल्या असणार.
आम्ही बेटांवरची माणसं हो असंच म्हणतो, तोंड न उघडता.
पण टंकलेखिकेला भुवया टंकता येत नाहीत.
साहेब म्हणाले, मोठ्याने.
तो म्हणाला, एत.
मी म्हणाले, होय साहेब, दोषी.

तीन सेकंद लागले.
मग मी उरलेलं सँडविच खाल्लं
आणि आत जाऊन माझ्या जागी उभी राहिले,
पट्ट्यावरून कोंबड्या येतच होत्या.

आज डिलाहंटीबाईंनी ते ध्वनिमुद्रण वाजवलं.
आपलाच आवाज, आणि त्यात किती खात्री.
सरकारी वकील म्हणाले,
शिक्षेचा आकडा ऐकला आणि याला शब्द फिरवायची बुद्धी झाली.
तसं असतं तर बरं झालं असतं.
शब्द मागे घेतला की सवलतही मागे जाते;
मग सहा वर्षं, आणि सहानंतर कदाचित
ज्या बेटावर आता आई नाही तिथे रवानगी.
हे सगळं त्याला समजावलं होतं.
त्याने एवढंच विचारलेलं, तुरुंगाच्या काचेपलीकडून, मला:
मागे घेतलं
तर मी पापी नाही असं मी म्हटल्यासारखं होईल का?
देवापुढे ते खोटं ठरेल.

मी म्हणाले, पाप राहू दे तुझ्याकडे,
ते इथे कुणी मागत नाहीये.
त्यांना फक्त तारेचं विचारायचं होतं.
तो बराच वेळ गप्प बसला.
मग हसला. मला रडू आलं,
आणि काचेवरचा फोन मी उलटा ठेवला.

दुपारी अडीचला अर्ज मंजूर झाला.
दुभाष्याच्या खुर्चीत आज दुसरा माणूस होता,
होनोलुलूहून आलेला, स्वच्छ कॉलरचा.
त्याने सरळ विचारलं: ही तार तू चोरलीस?
चोरलीस. साधं, रोजचं क्रियापद.
ते माझ्याकडेही होतं.

तार्क्वोनच्या भुवया जागेवर राहिल्या.
साहेब म्हणाले, मोठ्याने.

आमच्या बोलीत नाहीला जाब म्हणतात.
तेवढंच म्हणाला तो, दोनदा,
दुसऱ्यांदा जरा हळू, जणू चव बघत.

खटला ऑक्टोबरात आहे. काय होईल ते होईल.
मला बाहेर सोडताना शिपायाने दार धरलं,
गाडी कुठे लावली आहे विचारलं,
पावती शिक्का मारून दिली: साक्षीदार, अर्धा दिवस.

मला कुणी जाब विचारला नाही.